चौकटीपासून मानेपर्यंत

लेकीच्या केसपेपरवर डॉक्टरने अडीच ओळी खरडल्या होत्या. त्या वाचून मास्तरांनी कात्री खाली ठेवली. कापड अर्ध्यात सोडून कात्री खाली ठेवायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. तो त्या दिवशी मोडला.

"परत वाच," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही आत्ताच वाचलंत."

"मोठ्याने वाच. माझा माझ्या चष्म्यावर विश्वास नाही."

लेक टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या टेबलावर काम करायची. दोन महिने झाले, सकाळी उठल्यावर तिची बोटं वळत नव्हती. तास-दीड तास कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं, मग कुठे मूठ मिटायची. गेल्या आठवड्यात पत्रांचा अख्खा गठ्ठा तिच्या हातातून निसटला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, लोणी लावून आलात का हाताला?" तेव्हा ती दवाखान्यात गेली. गेली ती त्याच मोठ्या दवाखान्यात, जिथे तिची आई सात महिन्यांपूर्वी वारली होती.

तिने कागद डोळ्यांपुढे धरला. "आईला मानसिक आजार होता. आईच्या निधनानंतर सकाळी बोटे आखडण्याची तक्रार. दुःखामुळे असावे. झोपेची गोळी, पंधरा दिवस."

"हात बघितला त्याने तुझा?"

"नाही."

"हातात घेतला? दाबून पाहिला?"

"नाही हो बाबा. समोर स्क्रीन होता. पत्ता एकच म्हणून आईची फाईल उघडली त्यात. ती वाचून म्हणाला, आईचं असं होतं होय. मग म्हणाला, दुःख कधीकधी बोटांत उतरतं."

"दुःख बोटांत उतरतं!" मास्तरांचा आवाज चढला. "मग माझ्या बोटांत का नाही उतरलं? मला काय कमी दुःख झालंय? माझी बायको गेली आणि मी तिसऱ्या आठवड्यात सुईत दोरा ओवत होतो. दाखव म्हणावं त्याला माझी बोटं!"

शेजारचा चावीवाला आवाज ऐकून दारात आला. मास्तरांच्या आणि त्याच्या दुकानात एक पातळ भिंत होती आणि तीस वर्षांची थट्टा होती. "काय मास्तर, कोणाची बाही उलटी लागली?"

"माझ्या घरातल्या दुसऱ्या बाईला वेडी ठरवतायत," मास्तर म्हणाले.

चावीवाल्याच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे विरलं. तो स्टूल ओढून बसला, कारण पहिल्या बाईची हकिगत त्याने भिंतीपलीकडून सगळी ऐकली होती.

मास्तरांची बायको काजं करायची. हाताने. मशीनचं काज आणि तिचं काज शेजारी ठेवलं तर गिऱ्हाईक मशीनवर हसायचं. तिशी सरता सरता तिची बोटं सुजायला लागली. संधिवात, डॉक्टर म्हणाले, पण म्हातारपणी होतो तो नव्हे. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो. त्यानंतरची चौदा वर्षं तिने सांध्यांना डोक्यावर चढू दिलं नाही. बोटं वाकडी झाली तेव्हा म्हणाली, "ही बोटं नाहीत राहिली हो, आलं झालंय. किसून चहात टाका." काजं सुटली तेव्हा तिने हातशिलाई धरली. तीही जड जाऊ लागली तेव्हा दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलणं आणि मास्तरांच्या चुका काढणं हे काम तिने घेतलं आणि ते तिने कधीच सोडलं नाही.

तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर तो शब्द आला तो पाच वर्षांपूर्वी. सांधे फार भडकले म्हणून डॉक्टरांनी एका जोरदार गोळीचा मोठा डोस सुरू केला होता. सूज उतरली, पण बाईची झोप उडाली. ती भराभरा बोलायला लागली, मध्येच रडायची, मध्येच हसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर कापड आणायला गेले आणि परत येऊन बघतात तर हिने तयार अकरा कोटांच्या कॉलरी उसवून टेबलावर ओळीने मांडल्या होत्या. "माणसांना गळफास लावताय तुम्ही," ती म्हणाली. "सगळ्यांच्या माना मोकळ्या केल्या मी."

दवाखान्यात मनाच्या डॉक्टरने तिला वीस मिनिटं पाहिलं आणि लिहिलं: मानसिक आजार. गोळीचा डोस उतरवला तसा आठ-दहा दिवसांत तो सगळा प्रकार निवळला. तिने स्वतः बसून अकराच्या अकरा कॉलरी परत लावून दिल्या, गाठी आलेल्या बोटांनी, रडत. प्रकार निवळला, गोळी गेली. शब्द मात्र पहिल्या पानावर राहिला. तो गोळीमुळे आला होता हे मात्र कुठल्याच पानावर आलं नाही.

पुढे काहीही सांगायला गेली की डॉक्टर आधी पहिलं पान वाचायचा. हाताला मुंग्या येतात म्हणाली, तर टेन्शन घेऊ नका. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं म्हणाली, तर झोप नीट होते का? चालताना जमीन कापसाची लागते म्हणाली, तर मन रमवा, काहीतरी छंद लावून घ्या. तिने त्या दिवशी बाहेर येऊन मास्तरांना विचारलं होतं, "अहो, मी छंद लावून घेऊ का? तुमच्यावर ओरडायचा एक आहे, तो धरत नाहीत म्हणतात."

मग एके दिवशी ती दुकानाच्या पायरीवरून घसरली. एकच पायरी. लहान मूल पडलं असतं तर हसत उठलं असतं. ती उठली नाही. हात हलेनात, पाय हलेनात, आणि चार दिवसांनी श्वासही हलेना. त्या चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या मानेचा फोटो काढला गेला. तिथल्या एका तरुण डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे आजचं नाही. वरचे मणके कधीपासून सरकतायत. मज्जारज्जू दाबत आणलाय त्यांनी." मास्तरांनी विचारलं, "कधीपासून?" तेव्हा त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याने फोटो घाईघाईने पाकिटात घातला.

शेवटच्या कागदावर लिहून आलं: मानसिक आजाराची जुनी रुग्ण. घरी पडली.

ही ओळ काढा म्हणून मास्तरांनी तीन अर्ज केले होते. तिन्ही अर्जांना एकच उत्तर आलं होतं, सही तेवढी वेगळी. तेव्हा चावीवाला म्हणाला होता, "जाऊ द्या मास्तर. ती गेली, कागदावर काय का असेना." मास्तरांनीही जवळजवळ जाऊ दिलं होतं. आता ती ओळ कागदावरून उठून त्यांच्या लेकीच्या अंगावर आली होती.

"उद्या आपण दोघं जाऊ," ते लेकीला म्हणाले.

"मी नाही येणार."

"का?"

लेकीने केसपेपरची घडी घातली, परत उघडली. "बाबा, दुःख असेल तर ते जाईल ना कधीतरी. आईचं दुखणं असेल तर जाणार नाही." मग ती हळूच म्हणाली, "मला ती झोपेची गोळीच बरी वाटतेय."

 चावीवाल्याने तोंड उघडलं. "तिचं सोडा. तुम्ही जाऊन काय सांगणार? त्यांच्याकडे एवढी जाडी फाईल. तुमच्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे काय असणार?" मास्तर वैतागले. "माझ्याकडे एक मापाची वही आहे. ती नेऊन दाखवू?"

असं म्हणून ते थांबले. तोंड उघडंच राहिलं. मग उठून त्यांनी फळीवरची वही काढली.

मास्तरांच्या उस्तादांची एक पद्धत होती. उस्ताद गेले, त्यांचं दुकान गेलं, पण पद्धत मास्तरांनी सोडली नाही. कोट शिवायचा तर आधी माणसाला दरवाजाच्या चौकटीला टेकवून उभं करायचं. टाचा चौकटीला, पाठ चौकटीला. मग चौकट आणि मान यांच्यामध्ये लाकडी पट्टी धरून बघायचं, मान किती पुढे आहे. ताठ माणसाची दीड-दोन इंच. बाक असलेल्याची जास्त. त्यावर कोटाची पाठ किती वाढवायची, पुढचा भाग किती कमी करायचा, कॉलर कुठे बसवायची हे ठरतं. जुनं माप कधी वापरायचं नाही. माणूस तोच असला तरी अंग तेच राहत नाही, असं उस्ताद म्हणायचे.

बायकोचे कपडे, वरून घालायचे कोटही, मास्तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलून द्यायचे. खांदा वर जाईना म्हणून पुढून उघडणारे, बटणं लागेनात म्हणून चापाचे, मनगट फुगलं म्हणून बाही सैल केलेले. प्रत्येक वेळी नवं माप. प्रत्येक वेळी चौकट.

वहीतलं तिचं पान त्यांनी उघडलं. त्यांचंच अक्षर, त्यांचीच पेन्सिल. प्रत्येक मापाशेजारी महिना.

चौकटीपासून मान: दोन इंच. पुढचं, सव्वादोन. मग पावणेतीन. मग सव्वातीन, शेजारी बारीक अक्षरात: पाठ पाव इंच वाढवली, कॉलर उतरवली. मग साडेतीन. शेवटचं, पायरीच्या घटनेच्या तीन आठवडे आधीचं: चार. शेजारी लिहिलेलं: कॉलर आणखी उतरवली, आता दिसत नाही.

आता दिसत नाही.

मास्तरांनी ते तीन शब्द चष्मा काढून, चष्मा लावून वाचले. सव्वा वर्षात बायकोची मान दोन इंच पुढे आली होती आणि त्यांनी ती दर वेळी मोजली होती, महिना घालून लिहिली होती आणि कापडाखाली झाकून टाकली होती. कोट अंगावर असा बसला होता की डॉक्टरलाच काय, शेजारच्या बाईलाही शंका येऊ नये. शेवटच्या कोटावर ती खूश होती. "बघा, बाक गेला माझा," म्हणाली होती.

आणखी एक आठवण मागून आली आणि त्यांना बसावं लागलं. त्याच महिन्यांत एकदा पांढऱ्या अस्तरावर रक्ताचे पाच ठिपके पडले होते. त्या दिवशी ती हट्टाने टाके घालायला बसली होती. सुई बोटात पाच वेळा गेली होती आणि तिला पत्ता नव्हता. "अगं, डोळे आहेत की बटणं? गिऱ्हाइकाचं कापड आहे ते!" असं ते तिच्यावर कडाडले होते. तिने दोऱ्याचा तुकडा तोंडात ओला करून, शिलाईवाल्या बायका पुसतात तसे, ठिपके पुसून काढले होते. ठिपके गेले म्हणून मास्तर निवळले होते. सुई टोचलेली कळली कशी नाही, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना कापड दिसलं होतं.

"मास्तर?" चावीवाला म्हणाला.

"मी पण तोच," मास्तर म्हणाले. "त्या डॉक्टरांत आणि माझ्यात एवढाच फरक, की मी निदान मोजत होतो."

वही त्यांनी पिशवीत टाकली. लाकडी पट्टीही टाकली. लेकीने पिशवीकडे पाहिलं, वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर न जाता त्यांच्याबरोबर निघाली. आपण तयार झालो असं तिने काही म्हटलं नाही. नुसतं "तुम्ही एकटे भांडायला गेलात तर पाणी प्यायचंही विसराल," एवढंच म्हणाली.

दवाखान्याच्या तळमजल्यावर नोंदींचा विभाग होता. अर्ध्या उंचीचं काउंटर, त्याच्या मागे आतल्या खोलीचं दार आणि एक कारकून. त्याला मास्तरांचे तिन्ही अर्ज आठवत होते.

"काका, तुम्हाला लिहून कळवलंय. नोंद खोडता येत नाही."

"खोटी असली तरी?"

"खोटी नाही. त्या वेळी डॉक्टरांना जे वाटलं ते लिहिलं. वाटलेलं खोटं कसं असेल?"

"मला वाटलं तुमची छाती अठ्ठावीस आहे. शिवू शर्ट?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कारकून लाल झाला. "काका, तुम्ही शिंपी आहात. हा दवाखाना आहे."

"तेच म्हणतोय मी. माझ्याकडे दर वेळी नव्याने माप घेतात. तुमच्याकडे पाच वर्षांपूर्वीच्या मापावर माझी बायको मेली, आणि आता त्याच मापात माझ्या लेकीला बसवताय."

"बाबा, हळू," लेक म्हणाली.

"का हळू? तुझ्या आईने चौदा वर्षं हळू सांगितलं. काय झालं?"

त्यांनी वही काउंटरवर उघडली आणि तिथून हलायचं नाकारलं. रांग वाढली. कोणी म्हणालं, अहो सरका. कोणी म्हणालं, राहू द्या हो त्यांना, बोलू द्या. शेवटी कारकुनाने फोन उचलला आणि सांधेविभागाच्या मोठ्या डॉक्टरबाईंना खाली बोलावलं. त्या विभागात येऊन त्यांना चारच महिने झाले होते. त्या आल्या त्या घाईत, गळ्यात नळी, हातात दुसऱ्याच कोणाचा कागद.

"तुमचं दुःख मी समजू शकते," त्यांनी सुरुवात केली.

"दुःखाचं राहू द्या," मास्तर म्हणाले. "दुःखाची तुमच्याकडे गोळी आहे, कळलं मला. हे वाचा."

बाईंनी वहीकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"माप."

"कसलं?"

सांगून कळणार नाही हे मास्तरांना ठाऊक होतं. शिकाऊ मुलांनाही ते सांगत नसत, करून दाखवत. त्यांनी पिशवीतून पट्टी काढली आणि कारकुनाला म्हणाले, "उठा. त्या दाराला टेका."

"मी?"

"मग काय मी टेकू आणि मीच मोजू? टाचा मागे. पाठ मागे. असं."

कारकुनाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. कारकून चौकटीला टेकून उभा राहिला, पोलिसाने पकडल्यासारखा. मास्तरांनी पट्टी त्याच्या मानेमागे आडवी धरली. "पावणेदोन. ठणठणीत आहात. थोडं स्क्रीनपासून लांब बसा." मग पट्टीवरचं बोट दोनावर सरकवून ते बाईंकडे वळले. "माझ्या बायकोचं इथपासून सुरू झालं." बोट सरकलं. "चार महिन्यांनी इथे. मग इथे. मग इथे." बोट चारावर थांबलं. "आणि इथे असताना तुमच्याकडे येऊन ती म्हणाली, मान वाकवली की वीज जाते. तर तिला सांगितलं, छंद लावून घ्या."

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. वही दोन्ही हातांत घेतली आणि वरपासून खालपर्यंत, महिन्यांसकट वाचली.

"आम्हीही मोजतो असं," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "भिंतीला टेकवून."

"तिचं मोजलं होतं?"

बाई कारकुनाच्या खुर्चीत बसल्या. फाईल उघडली. बराच वेळ पानं वर-खाली करत राहिल्या. रांगेतलं कोणी आता सरका म्हणत नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"फोटो?"

"मानेचा? शेवटचे चार दिवस सोडून, नाही." त्यांनी चष्मा काढला. "हा आजार बोटांवर थांबत नाही. मानेचे वरचे मणके सैल करतो, नसा दाबतो, नसांची संवेदना घालवतो. मनालाही धरतो. सुजेमुळे उदासी येते, काही गोळ्यांनी डोकं फिरतं. तुमच्या मिसेसना पाच वर्षांपूर्वी झालं ते गोळीमुळे असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे सगळं एकाच दुखण्याचं. मन कमकुवत असण्याशी याचा काही संबंध नाही."

मास्तर ऐकत होते.  "बाई, तुम्ही आत्ता जे बोललात त्याला किती वेळ लागला? मिनिटभर. चौदा वर्षांत हे एक मिनिट कोणाकडेच नव्हतं? ती रडायची तेव्हा तिला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय, आपण खंबीर नाही. मला म्हणायची, अहो, मी खरंच वेडी आहे का हो? आणि मी काय म्हणायचो, सांगू? म्हणायचो, डॉक्टर शिकलेले आहेत."

बाईंनी चष्मा परत लावला आणि त्या लेकीकडे वळल्या.

"ही तुमची मुलगी?" त्यांनी विचारलं. "हात बघू."

लेकीने हात मागे नेले. सात-आठ वर्षांची असताना इंजेक्शनच्या खोलीत नेलं की सरकायची, तशीच ती मागे सरकली.  तिने वहीकडे पाहिलं, आणि मग आपण होऊन उजवा हात पुढे केला.

बाईंनी तो हातात घेतला. एक एक बोट वाकवून पाहिलं. मग हस्तांदोलन करतात तसा पंजा धरून बोटांच्या मुळाशी आडवा दाबला. लेकीच्या हातातून सणक गेली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"सकाळी किती वेळ आखडतात?"

"तास. कधी दीड."

"दोन्ही हात?"

"दोन्ही."

"हे दुःख नाही," बाई म्हणाल्या. "दुःखाला सूज येत नाही. आजच रक्त तपासू, हातांचे फोटो काढू. आईचंच दुखणं असेल तर लवकर सापडलंय, आणि लवकर सापडलेल्याला आज आपल्याकडे बरंच काही करता येतं." त्यांनी कालचा केसपेपर मागून घेतला, झोपेच्या गोळीवर आडवी रेघ मारली आणि खाली नव्याने लिहायला घेतलं.

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून म्हणाले, "ही रेघ मारता येते. मग तिच्या आईच्या ओळीवर का नाही?"

"तो आजचा कागद आहे. ती बंद झालेली फाईल आहे. खोडता खरंच येत नाही, तो खोटं सांगत नव्हता. खाली टीप जोडता येईल."

"जोडा मग."

बाईंनी कारकुनाकडून कागद घेतला. लिहिलं: रुग्णाच्या मानेच्या मणक्यांची वेळेवर तपासणी झालेली नाही. पतीने ठेवलेली मापे सोबत जोडली आहेत. पेन थांबलं.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"एवढंच."

"करायला हवी होती, हे?"

"तसं लिहायची पद्धत नाही."

"चूक झाली असं लिहायला तुमच्याकडे जागाच नाही?"

"त्याचा रकाना नसतो," कारकून मधूनच म्हणाला. त्याचा हेतू बाईंना मदत करायचा होता. मदत झाली नाही.

मास्तरांनी खिशात हात घातला. बोटाला शिंप्याचा खडू लागला, मग पेन्सिल लागली. पेन्सिल काढून त्यांनी वही स्वतःकडे ओढली. 'आता दिसत नाही' या शब्दांखाली बोटभर जागा होती. तिथे त्यांनी सावकाश लिहिलं, कारण लिहिणं त्यांना कापण्याइतकं सोपं नव्हतं: मान पुढे येते आहे हे मला दिसत होतं. मी कॉलर उतरवली. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. खाली सही केली, महिना घातला. मग वही काउंटरवरून बाईंकडे सरकवली आणि पेन्सिल तिच्यावर ठेवली.

"माझ्याकडेही रकाना नव्हता," ते म्हणाले. "मी शिंपी. मला कोणी विचारायला आलं नसतं. तरी मी माझी लिहिली. आता तुमची."

बाईंनी वाचलं.  मास्तरांच्या बायकोच्या बाबतीत त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं, तेव्हा त्या या दवाखान्यात नव्हत्या, आणि हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पेन्सिल बाजूला केली. स्वतःचं पेन घेतलं आणि टिपेत शेवटी चार शब्द वाढवले: तपासणी करायला हवी होती. सही केली. हुद्द्याचा शिक्का कारकुनाकडे मागितला. कारकुनाने खण उघडून तो पुढे केला.

मास्तरांनी टीप वाचली. चौदा वर्षं, पाच वर्षं, सात महिने, तीन अर्ज, आणि शेवटी चार शब्द. आभार मानावेत असं त्यांना वाटलं नाही, म्हणून त्यांनी ते मानले नाहीत. ती ओळ वर तशीच होती, मानसिक आजाराची जुनी रुग्ण, पण आता ती वाचणाऱ्याला खालचंही वाचावं लागणार होतं. वहीतलं पान त्यांनी फाडू दिलं नाही. प्रत काढायला लावली, आणि प्रत निघेपर्यंत यंत्रापाशी उभे राहिले.

दुपारी दुकान उघडलं तेव्हा अर्धं कापलेलं कापड तसंच पडलं होतं. चावीवाला विचारायला आला, पण लेकीच्या कोपराला लावलेला कापूस आणि हातातली फोटोची पाकिटं बघून नुसता दारात उभा राहिला.

"इकडे ये," मास्तर लेकीला म्हणाले. "चौकटीला टेक."

"आता कशाला? कोट नकोय मला."

"कोट नाही शिवायचा. टेक."

ती टेकली. टाचा मागे, पाठ मागे. मास्तरांनी पट्टी धरली, वाकून वाचली, परत वाचली.

"किती?" तिने विचारलं.

"पावणेदोन."

"म्हणजे?"

"म्हणजे आज पावणेदोन. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजायचं. पाव इंच जरी हललं तरी वही घेऊन जायचं त्या बाईंकडे. मी मेलो तरी तू जायचं, याला बरोबर घेऊन." त्यांनी चावीवाल्याकडे बोट केलं.

"मला काय येतं मोजायला?" चावीवाला म्हणाला.

"किल्लीचे दात मोजतोस ना? मग हे पण येईल."

मास्तरांनी वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं, लेक. खाली माप, खाली महिना. शेजारी जागा कोरी सोडली.

मग त्यांनी कापड सरळ केलं. कापड हललं होतं, खडूची रेघ पुसट झाली होती. त्यांनी ती नव्याने आखली आणि कात्री उचलली.